थेंब थर्मामीटरचं ऐकत नाही

फाल्गुन अर्धा सरला की बुलढाण्याच्या घाटात पळस फुलतो आणि एस्टीत परीक्षेच्या पुठ्ठ्यांची दाटी होते. छातीशी पुठ्ठा धरलेल्या, ओठातल्या ओठात काहीबाही घोकणाऱ्या पोरी माझ्या दारावरून चिखलीच्या स्टँडकडे जातात. मी ओट्यावर गहू निवडत बसलेली असते. ऊन अजून कोवळं असतं, पण त्याच्या पोटात वैशाख दडलेला कळतो. परीक्षेचे दिवस आठवले की लोकांना म्हणे धडकी भरते. मला राग येतो. चांगला, धडधाकट राग. इतकी वर्षं झाली, त्याला गंज चढलेला नाही, आणि चढू नये अशीच माझी इच्छा आहे.

त्या फाल्गुनात मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमचं घर देऊळघाटला, कॉलेज बुलढाण्याला. भौतिकशास्त्राच्या वर्गात आम्ही दोन मुली होतो. दुसरी दिवाळीनंतर लग्न होऊन अकोल्याकडे गेली. त्यानंतर पहिल्या बाकावर मी एकटीच बसायची, आणि मागून येणाऱ्या खुसपुशीकडे पाठ करून बसायची सवय मला तेव्हाच लागली.

आमची भाजीपाल्याची शेती. वांगी, मेथी, कांदे. विहिरीवर तेलाचं इंजिन होतं आणि त्या वर्षी ते काळा धूर ओकायला लागलं होतं. बाबांनी लतीफमिस्त्रींना बोलावलं. देऊळघाटच्या पंचक्रोशीतली इंजिनं त्यांच्या हाताला ओळखायची. त्यांनी इंजिनाचं नोझल खोललं, बाहेर उन्हात धरलं आणि हातानं पंप मारला. नोझलच्या टोकातून तेलाचा फवारा उडाला. उन्हात तो क्षणभर निळसर दिसला आणि विरून गेला.

"पाह्य बेटी," मिस्त्री म्हणाले, "फवारा धुक्यावानी पाह्यजे. थेंब मोठा पडला का इंजिन धूर मारते."

"थेंब जळते कसा मंग?" मी विचारलं.

"थेंब थोडीच जळते! आधी गरम होते, मंग त्याची वाफ होते, ते वाफ जळते."

"किती गरम होते?"

मिस्त्रींनी पंप थांबवला, माझ्याकडे पाहिलं आणि बाबांना म्हणाले, "दादा, तुमची पोरगी कॉलेजात जाऊन येडी झाली. आता थेंबाच्या काखेत थर्मामीटर लावू का मी?"

बाबा खो खो हसले. मीही हसले. पण रात्री जेवताना माझा हात ताटातच थांबला. खरंच, कसं मोजायचं? थर्मामीटरचा फुगा थेंबाच्या दसपट मोठा. तो लावला की थेंब राहतच नाही, फुगा ओला होतो एवढंच. थेंबाला हात न लावता त्याचा ताप बघायचा तर त्यानं स्वतःहून सांगायला हवं. थेंब कसा सांगणार?

उत्तर मायच्या डोळ्यातून आलं. शेजारच्या शेतात गव्हाचं खळं चालू होतं. मळणीत वाऱ्यावर उडालेलं कुसळ तिच्या डोळ्यात गेलं, डोळा सुजून लाल झाला. मी तिला बुलढाण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. त्यांनी खोलीत अंधार केला, डोळ्यात कसल्याशा पिवळ्या औषधाचा थेंब टाकला आणि निळी काच लावलेली बॅटरी मारली. मायच्या बुबुळावर कुसळानं ओढलेली रेघ पोपटी हिरवी चमकली. दिवाळीत सुद्धा असा हिरवा मी पाहिला नव्हता. पिवळ्या औषधावर निळा प्रकाश पडतो आणि ते हिरवा प्रकाश बाहेर टाकतं. पुस्तकात हे वाचलं होतं, प्रतिदीप्ती असं भारदस्त नावही पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि आपल्या मायच्या डोळ्यात बघणं वेगळं.

"दुखते का वं?" मी मायला विचारलं.

"दुखते त. पण तू काऊन हासून राह्यली?"

मी डॉक्टरांकडून बाटलीतलं उरलेलं औषध मागून घेतलं. कशाला हवं, ते त्यांनी विचारलं. प्रयोगाला, असं मी सांगितलं. "कर," म्हणाले ते. त्या सगळ्या वर्षात एवढ्या थोडक्यात मला "कर" म्हणणारा तो एकच माणूस भेटला.

मग होळी आली. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले तर बोटांना गुलाबी रंग तसाच. बाजारात पुडीत मिळायचा तो कापडाचा रंग. साबणानं जाईना, म्हणून प्रयोगशाळेत दिव्याच्या स्पिरिटनं बोटं धुतली. खिडकीतलं ऊन वाटीत पडलं आणि ते गुलाबी स्पिरिट आतून पेटल्यासारखं केशरी झालं. खालून दिवा नाही, ज्योत नाही, आणि वाटीत विस्तव. मी वाटी गरम पाण्यात ठेवून पाहिली. स्पिरिट तापलं तसा तो विस्तव मंदावत गेला. निवलं तसा परत आला.

तिथंच उभी राहिले. स्पिरिट म्हणजे जळतं तेलच, दिव्याचं जळण. आणि हे जळण आपण किती तापलोय ते उजेडातून सांगत होतं.

पण मोठी अडचण पुढेच होती. थेंब तापला की वाळून बारीकही होतो. बारीक झाला तरी उजेड कमी होणारच. मग मंदावला तो तापल्यामुळे की बारीक झाल्यामुळे? आठ दिवस मी या एका प्रश्नाच्या मागे होते. मेथीच्या जुड्या बांधताना, एस्टीत उभ्याने येताना. नवव्या दिवशी सुचलं की दोन रंग घालावेत. डोळ्याच्या औषधाचा हिरवा उष्णतेनं फारसा बदलत नव्हता, होळीचा केशरी मंदावत होता. दोन्ही एकाच थेंबात असले म्हणजे थेंब बारीक झाला तर दोघे बरोबरीने कमी होणार, रंगाची छटा तीच राहणार. थेंब तापला तर मात्र केशरी मागे पडणार आणि छटा हिरव्याकडे झुकणार. किती उजेड आहे ते बघायचंच नाही, कोणत्या रंगाचा आहे ते बघायचं. हे सुचलं त्या दिवशी मी स्टँडवर एकटीच मोठ्यांदा हसले होते, आणि बाजूच्या बाईनं आपलं पोर जवळ ओढलं होतं.

मांडणी अशी केली. चहाच्या पेटीला आतून काजळी फासली. खिडकीतलं ऊन आरशाच्या तुकड्यानं आत घेतलं, वाटेत निळी काच ठेवली. गरम पाण्याच्या डब्यातून एक बारीक काचनळी खाली आणली, तिच्या टोकाला रंगीत स्पिरिटचा थेंब लटकायचा. शेजारी त्याच स्पिरिटची बूच लावलेली परीक्षानळी, तिच्यात थर्मामीटर. निळा उजेड अडवणाऱ्या पिवळ्या जिलेटिन कागदातून दोन्हींकडे बघायचं आणि परीक्षानळी हळूहळू तापवत न्यायची. साडीच्या काठाला दोरा मिळवून बघतात तसं. दोघांचा रंग जुळला की परीक्षानळीचं थर्मामीटर वाचायचं. तोच थेंबाचा ताप.

आमच्या प्रयोगशाळेत पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण दरवर्षी न चुकता पुस्तकात दिलं तेवढंच भरायचं. लंबक कसाही हलो. आधीच्या वर्षाची जर्नलं हातोहात फिरायची आणि उत्तर आधी लिहून निरीक्षणं मागाहून भरली जायची. त्यामुळे माझा थेंब जे सांगत होता ते कुणालाच पटेना. डब्यातलं पाणी साठ अंशांवर असलं तरी टोकाचा थेंब पंचेचाळीसच्या आसपास निघायचा. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

आमचे देशमुखसर मनानं वाईट नव्हते. त्यांनीच मला, नेहमीचे प्रयोग झाल्यावर हा एक स्वतःचा प्रयोग जर्नलात लिहायची परवानगी दिली होती. त्यांनी आकडे पाहिले आणि चष्मा काढला.

"शकुंतला, नळी साठ अंशांच्या पाण्यातून येते. मग थेंबही साठच हवा."

"सर, थेंब बाहेर लटकतो. त्याची वाफ होते, म्हणून तो निवतो."

"पंधरा अंश?"

"माझ्या डोळ्यांना तेवढंच दिसतं."

"परीक्षक नागपूरहून येणार आहेत. कडक आहेत. अठ्ठावन्न, एकोणसाठ लिहून टाक. थोडी चूक दाखव, म्हणजे खरंही वाटेल."

खरंही वाटेल! मला आजही त्या दोन शब्दांची कमाल वाटते. मी जर्नल उचललं आणि "नाही सर" म्हणाले. आवाज चढवला नव्हता. पण प्रयोगशाळेतले सगळे वळून बघायला लागले. सर म्हणाले, तुझा पहिला वर्ग जाईल. एम.एस्सी.ला जागा मिळणार नाही. घरचे लग्न लावून मोकळे होतील. सगळं खरं होतं. नागपूरला जाऊन पुढं शिकायचं, एवढं एकच मी वर्षभर मागत होते, देवाकडेही आणि बाबांकडेही. बाबांनी कसंबसं कबूल केलं होतं, पहिला वर्ग आला तर.

त्या संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. ते कांद्याच्या वाफ्याला पाणी देत होते. वाफा भरेपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "थेंब खरंच थंड हाय?"

"हाव."

"मंग साठ कसं लिवशीन?"

"पहिला वर्ग गेला त?"

त्यांनी फावड्यानं दांडाचं तोंड बुजवलं, दुसरं फोडलं. "गेला त गेला. पण मंग नागपूरचंही गेलं, हे धेनात ठेव. माह्यानं शब्द फिरवनं होत नाही, अन् तुनंही फिरवू नको."

बाप असा होता. मऊ नव्हता, पण लबाडही नव्हता. त्यांचा राग मी कधी धरला नाही.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी ऊन अगदी हवं तसं होतं. परीक्षक उंच, गोरे, मूळचे पुण्याकडचे. बाकीच्यांचे लंबक आणि भिंगं बघत ते माझ्या काजळी फासलेल्या पेटीशी आले आणि रुमालानं बोट पुसू लागले, अजून कशाला हात लावलेला नसतानाच.

"हे काय?"

मी सांगितलं. त्यांनी जर्नल उघडलं, आकड्यांवर बोट ठेवलं.

"पाणी साठ, आणि थेंब पंचेचाळीस? निरीक्षण घेतलंत की मनानं लिहिलंत?"

"घेतलं सर. थेंब वाफ होऊन थंड होऊन राह्यला."

"होऊन राह्यला?" ते देशमुखसरांकडे बघून हसले. पोरंही हसली. देशमुखसर खाली बघत होते.

माझ्या कानशिलांतून आग निघाली. मला नीट बोलता येत होतं, तीन वर्षं मी कॉलेजात पुस्तकी मराठीच बोलत आले होते. ते वाक्य घाईत निसटलं होतं. ते सुधारून पुन्हा म्हणता आलं असतं. मी पुन्हा म्हणाले, सावकाश, एकेक शब्द: "हो सर. थंड होऊन राह्यला. तुम्हाले दाखवते."

कुणी हसलं नाही.

त्यांच्या "हो" किंवा "नको"ची वाट न बघता मी कामाला लागले. एक लहान बाटली गरम पाण्यात ठेवून तापवली. तळाशी स्पिरिटनं भिजवलेला कापसाचा बोळा टाकला, आणि थेंब त्या बाटलीच्या आत येईल अशी ती खालून नळीला चढवली. तोंडाशी कापूस लावून बंद केली. बाटली वाफेनं भरलेली असली की थेंबाची आणखी वाफ व्हायला वाव नाही. वाफ नाही तर थंडावाही नाही. माझं म्हणणं खरं असेल तर आता थेंब तापला पाहिजे. खोटं असेल तर सगळ्यांसमोर खोटं.

पिवळा कागद मी त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच बघा सर. मी बघत नाही."

ते वाकले. त्यांच्या मानेवरचा घाम मला दिसत होता. मी पाणी आणि परीक्षानळी सांभाळत होते, आणि माझे हात इतके स्थिर होते की मलाच आश्चर्य वाटलं. बराच वेळ गेला.

"हिरवट होतोय," ते शेवटी म्हणाले. स्वतःशीच म्हणाल्यासारखं.

"आता जुळला तर सांगा सर."

"जुळला."

मी बाजूला झाले. परीक्षानळीचं थर्मामीटर त्यांनी स्वतः वाचलं. सत्तावन्न. मग मी बाटली काढून घेतली. उघडा पडलेला थेंब त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा केशरी होत गेला.

ते सरळ उभे राहिले. त्यांना दिसलं होतं. माझ्याइतकंच स्पष्ट दिसलं होतं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी विचारील. एखादा प्रश्न. वाऱ्याबद्दल, रंगाबद्दल, कशाहीबद्दल.

ते म्हणाले, "हे अभ्यासक्रमात नाही," आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

निकाल जूनमध्ये लागला. प्रात्यक्षिकात मला पास होण्यापुरते गुण होते, त्यावर एकही नाही. पहिला वर्ग हुकला. नागपूर गेलं. मी दोन दिवस रडले, तिसऱ्या दिवशी मेथी काढायला गेले. जे गेलं ते मोठं होतं, हे मी कधी नाकारलं नाही. "बरं झालं, त्यातूनच काही चांगलं निघालं," असं म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत. बरं झालं नाही. माझं नुकसान झालं, आणि ते ज्यानं केलं त्याला आपण काय करतोय ते समजत होतं. पण त्या आकड्यांबद्दल मला एका सेकंदासाठीही पस्तावा झालेला नाही. साठ लिहिलं असतं तर नागपूरला कोण गेलं असतं? ती बाई मी ओळखत नाही.

देशमुखसरांनी जुलैत निरोप पाठवला. जर्नलं कॉलेजात राहायची, पुढच्या मुलांना बघायला म्हणून. सर म्हणाले, तेवढं शेवटचं पान काढून घे, मुलांचा गोंधळ होतो. मी पान काढलं नाही. उलट सरांच्याच टाकानं खाली दोन ओळी वाढवल्या: हा प्रयोग परीक्षकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. थेंब बंद बाटलीत तापला व उघड्यावर थंड झाला. खाली सही आणि गाव. सरांनी त्या दोन ओळी वाचल्या. मग त्यांनी ते जर्नल आपल्या हातानं कपाटात ठेवलं. पान त्यांनीही फाडलं नाही, ही गोष्ट मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते.

पुढे मी शिक्षिकेची परीक्षा दिली, चिखलीच्या शाळेत लागले. लग्न केलं ते दोन वर्षं नकार देऊन, मला पटेल अशा माणसाशी. वर्गात कधी कुणाला तयार उत्तर दिलं नाही, त्यामुळे पोरं वैतागायची, पालक तक्रारी करायचे आणि हेडमास्तर मला समजावण्यात थकायचे.

नोकरीची सातआठ वर्षं झाली असतील. असाच फाल्गुन होता. दुपारची शाळा सुटली आणि फाटकाशी एक मुलगी उभी दिसली. सावळी, काटकुळी, दोन वेण्या, एस्टीच्या धुळीनं पांढरी झालेली. सोनाळ्याची, म्हणाली. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्यापासून आलेली. बुलढाण्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती, नात्यातल्यांकडे राहून शिकत होती.

"देऊळघाटच्या शकुंतलाबाई तुम्हीच का?"

"हाव. काऊन?"

"कॉलेजात तुमचं जर्नल हाय. ते शेवटचं पान मी करून पाह्यलं." ती दम खायला थांबली. "माहा थेंब तुमच्यापेक्षा थंड निघाला. बेचाळीस. चार वेळा केलं."

माझा हात तिच्या खांद्याकडे गेला. पण ती सहानुभूतीसाठी आली नव्हती, उत्तरासाठी आली होती. म्हणून मी विचारलं, "पंखा चालू होता का तुमच्या प्रयोगशाळेत?"

तिचे डोळे मोठे झाले. आमच्या वेळी तिथं पंखा नव्हता. "होता! डोक्यावरच!"

"वाऱ्यानं वाफ जास्त झाली. बंद करून कर, मंग पाह्य."

ती हसली, कपाळावर हात मारून घेतला. मग हसू मावळलं.

"पण बाई, सर म्हणते का परीक्षेत हे दाखवू नको. आकडे खोड म्हणते."

"मंग?"

तिनं पिशवीतून जर्नल काढलं, पान उघडून माझ्यासमोर धरलं. निळ्या शाईत, ठळक अक्षरात, चार वेळा बेचाळीस.

"नाही खोडले," ती म्हणाली.